डेंटनची पोरं आणि डॅलसची चर्चेस

डेंटन हे काही मुद्दाम बघायला जावं असं गाव नाही. डॅलसहून उत्तरेला गाडी काढली आणि ट्रॅफिक आडवा आला नाही तर तासाभरात येतं. डॅलसकडून येणारा ३५-ई आणि फोर्टवर्थकडून येणारा ३५-डब्ल्यू हे हायवेचे दोन फाटे इथे पुन्हा एक होतात, मधोमध जुनं कोर्टहाऊस, भोवती चौक, चौकात कॅफे, पिझ्झा, जुन्या पुस्तकांचं एक मोठं दुकान, झालं. पण याच गावात युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ टेक्सास आहे आणि अमेरिकेत जॅझची डिग्री द्यायला सगळ्यात आधी सुरुवात केली ती या युनिव्हर्सिटीने, १९४७ साली. तेव्हा जॅझ म्हणजे रात्रीच्या क्लबातलं, वाह्यात लोकांचं संगीत असा समज होता, त्यामुळे डिग्रीच्या कागदांवर जॅझ हा शब्द न येता 'डान्स बँड' असं सभ्य नाव आलं. तिथल्या बँडना अजूनही प्रॅक्टिसच्या वेळेवरून ओळखतात. दुपारी एकचा तो वन ओक्लॉक लॅब बँड, सगळ्यात वरचा, मग दोनचा, मग तीनचा, असं खाली खाली. म्हणजे तुम्ही किती वाजता वाजवता यावरून तुमची पायरी अख्ख्या कॉलेजला कळते.

या पायऱ्यांच्या बाहेर २००४ साली मायकल लीग नावाच्या एका बेस गिटार वाजवणाऱ्या पोराने स्वतःचा बँड काढला. कॉलेजच्या वरच्या बँडांत त्याला जागा मिळत नव्हती, डोक्यात ट्यून्स तर भरपूर होत्या, मग त्याने आसपासची नऊएक मित्रमंडळी गोळा केली आणि चौकातल्या एका पिझ्झाच्या दुकानाच्या तळघरात वाजवायला सुरुवात केली. बँडचं नाव स्नार्की पपी. आज त्यांच्या नावावर पाच ग्रॅमी आहेत, लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल त्यांनी भरवलाय, आणि जगातल्या कुठल्याही म्युझिक कॉलेजात गेलात तर एखादं तरी पोरगं त्यांची ट्यून बसवताना सापडेल.

मला हा बँड माझ्या मुलीमुळे कळला. टेक्सासच्या सरकारी शाळांमध्ये बँड हे एक वेगळंच प्रकरण आहे, सहावीत गेलं की मुलं वाद्य निवडतात आणि पुढची काही वर्षं घराचं वेळापत्रक त्या वाद्याभोवती फिरतं. तिने ट्रॉम्बोन निवडला. आमच्याकडे संगीत म्हणजे आजोळची पेटी, नाट्यगीतं आणि रेडिओ, त्यामुळे ट्रॉम्बोनचं काय करायचं ते मला कळेना, पण तिच्या बँड हॉलमधली मुलं एकमेकांना जे व्हिडिओ पाठवायची त्यातला एक तिने मला दाखवला. 'लिंगस'. दहा मिनिटांची ट्यून, एकही शब्द नाही, पाच-पाच मात्रांच्या आवर्तनात सुरू होते, आणि मधे कोरी हेन्री नावाचा माणूस कीबोर्डवर जे काही करतो ते बघून ड्रमरच्याच चेहऱ्यावर हे काय चाललंय असा भाव येतो, आणि तरी त्याचा ठेका केसभरही हलत नाही. मी त्या दिवशी ते लागोपाठ कितीतरी वेळा बघितलं. मग कोण हे लोक, कुठले, म्हणून शोधायला लागले तर घरापासून तासाभरावरचं गाव निघालं. नवऱ्याला डॅलसजवळच्या आयर्व्हिंगमध्ये नोकरी म्हणून आम्ही इथे आलो, आणि इथल्या संगीताबद्दल काही माहिती करून घ्यावी असं तोवर कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तर या बँडची गोष्ट साधारण अशी सांगितली जाते: कॉलेजची हुशार पोरं, व्हॅन आणि ट्रेलर घेऊन अमेरिकाभर फिरली, लोकांच्या घरी जमिनीवर झोपली, मोजक्या टाळक्यांसमोर वाजवलं, मग यूट्यूब आलं, व्हिडिओ गाजले, ग्रॅमी मिळालं. यातलं काहीच खोटं नाही. ती व्हॅनची वर्षं खरंच कठीण होती. दहा माणसांचा बँड म्हणजे जे काही मिळेल ते दहा जणांत वाटायचं, वर पेट्रोल, वर जेवण. लीग स्वतःच फोन करून कार्यक्रम ठरवायचा, स्वतःच गाडी चालवायचा. पण कष्ट तर सगळेच बँड करतात, व्हॅनमध्ये झोपलेले शेकडो बँड आज कोणाला माहीतही नाहीत. माझ्या मते या बँडची खरी घडण व्हॅनमध्ये झाली नाही, ती डॅलसमध्ये झाली, आणि नेमका तोच भाग लोक एका वाक्यात उरकून टाकतात.

कॉलेजनंतर लीग डॅलसच्या गॉस्पेल (म्हणजे चर्चमधलं भक्तिसंगीत) आणि आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज) वाल्या कृष्णवर्णीय संगीतकारांत जाऊन वाजवायला लागला, आणि काही वर्षं त्यांच्यातच राहिला. चर्चमध्ये, क्लबात, जिथे बोलावतील तिथे. डॅलसचं हे वर्तुळ काय ताकदीचं आहे ते नुसत्या नावांवरून कळेल. गायिका एरिका बाडू इथली, ट्रम्पेटवाला रॉय हारग्रोव्ह इथला, दोघं शहरातल्या बुकर टी. वॉशिंग्टन या कलाशाळेत शिकलेले. त्याच शाळेच्या मुलामुलींना घेऊन लिंडा सीराईट या बाईंनी १९९२ मध्ये गॉड्स प्रॉपर्टी नावाचा गॉस्पेल गट उभा केला, आणि १९९७ मध्ये गॉस्पेलवाल्या कर्क फ्रँकलिनबरोबरचा त्यांचा अल्बम एवढा चालला की गॉस्पेलचं गाणं थेट एमटीव्हीवर दिसायला लागलं. लिंडाबाईंचा मुलगा रॉबर्ट 'स्पुट' सीराईट हा ड्रमर, तो पुढे स्नार्की पपीत आला. शॉन मार्टिन आला, बॉबी स्पार्क्स आला, दोघंही कीबोर्डवाले. ही मंडळी लहानपणापासून दर रविवारी चर्चमध्ये वाजवून तयार झालेली. डेंटनच्या पोरांना थिअरी येत होती, अवघड मीटर येत होते, कागद बघून काहीही वाजवता येत होतं. समोरच्या माणसाला खुर्चीतून उठवायचं कसं हे त्यांना डॅलसने शिकवलं.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. माझ्या ऑफिसात एक वयस्कर सहकारी होते, डॅलसच्या ओक क्लिफ भागातल्या एका चर्चमध्ये अनेक वर्षं जाणारे. मी त्यांच्याकडे या बँडचा विषय काढला तर ते म्हणाले, अगं ते व्हिडिओ नंतर बघ, आधी रविवारी आमच्याकडे ये. गेले. एका बाजूला हॅमंड ऑर्गन, शेजारी त्याचा तो लाकडी पेटीतला फिरता लेस्ली स्पीकर, मागे पारदर्शक भिंतीआड ड्रमर, आणि एका खुर्चीच्या कडेवर बसलेला, कॉलेजच्या वयाचा वाटणारा बेसवाला. कोणापुढेही कागद नाही. पाद्री बोलायला लागले, नुसतं बोलणं, गाणं नाही. पण ऑर्गनवाला त्यांच्या प्रत्येक विरामात एखादी सुरावट ठेवत होता, हळू, अगदी पाठीला हात लावल्यासारखी. बोलणं चढायला लागलं तसा ऑर्गन चढला, ड्रमरने नुसत्या झांजेवर काडी फिरवली, आणि बेसवाल्याची नजर मी बघत होते, एकदा पाद्रींच्या तोंडाकडे, एकदा ऑर्गनवाल्याच्या डाव्या हाताकडे. एका क्षणी ऑर्गन अर्ध्या सुराने वर सरकला, खूण नाही, मान डोलावणं नाही, आणि बेस त्याच्याबरोबर त्याच क्षणी वर. अख्खा हॉल उभा. आपल्याकडे कीर्तनात बुवा निरूपण करता करता नामघोषावर येतात आणि मृदंगवाला तो क्षण आधीच ओळखून उचलून धरतो ना, अगदी तीच जातकुळी. मला एकदम माझ्या आजोळच्या राममंदिरातला सप्ताह आठवला आणि डोळे भरून आले, शेजारच्या आजींनी न विचारता माझ्या हातात टिश्यू दिला.

अशाच बेसवाल्याच्या खुर्चीवर लीग काही वर्षं बसलाय. तिथे चुकीचा सूर लावला तर कोणी मार्क कापत नाही, फक्त हॉल उठत नाही.

आणि या सगळ्यांत एक माणूस होता बर्नार्ड राईट. न्यूयॉर्कच्या क्वीन्सचा, कीबोर्डवाला, लेनी व्हाइटसारख्या मोठ्या ड्रमरबरोबर पोरवयातच दौरे केलेला. १९८१ मध्ये, विशीही गाठली नव्हती तेव्हा, 'नार्ड' नावाचा स्वतःचा अल्बम. १९८५ मध्ये 'हू डू यू लव्ह' हे गाणं हिट. जॅझमधला मोठा ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस, त्याच्या 'टुटू' या अल्बमवर त्याने वाजवलंय. त्याच्या गाण्यांचे तुकडे नंतर हिपहॉपवाल्यांनी किती उचलले त्याला मोजदाद नाही. हा माणूस पुढे डॅलसला येऊन राहिला, आणि डॅलसच्या तरुण संगीतकारांचा, लीगसकट, गुरू झाला. क्लास वगैरे काही नाही. शेजारी उभं राहायचं आणि वाजवायचं.

आता स्नार्की पपी ज्या पद्धतीने काम करतो ती बघा, म्हणजे डॅलस त्यात किती मुरलंय ते दिसेल. ट्यून लिहिणारा तिचा डेमो करून पाठवतो आणि बाकीचे ती कानाने उचलतात, नोटेशनचे कागद वाटत नाहीत. कागदावर जे बसतं ते सगळ्यांना सारखंच दिसतं, कानाने घेताना मात्र प्रत्येक जण आपापल्या सवयीने घेतो, म्हणून एकच ट्यून दोन रात्री सारखी वाजत नाही. माणसंही बदलत राहतात. वीस-पंचवीस जणांचं गोकुळ आहे, ज्याला जमेल तो दौऱ्यावर येतो, बाकीचे आपापले बँड चालवतात, सीराईट आणि तालवाद्यवाला नेट वर्थ यांनी घोस्ट-नोट काढला, लंडनचा पियानोवाला बिल लॉरन्स स्वतःचे अल्बम करतो, गिटारवाला मार्क लेटिएरी त्याचे. कोणी गेला म्हणून बँड बसत नाही आणि कोणी परत आला तर त्याची जागा असते.

या कानाने शिकण्याची कमाल म्हणजे लार्नेल लुईसचा किस्सा. ऑक्टोबर २०१३ मध्ये हॉलंडमधल्या युट्रेक्टला 'वी लाइक इट हिअर' हा अल्बम रेकॉर्ड व्हायचा होता आणि टोरांटोच्या लार्नेलला ऐनवेळी ड्रमवर बोलावलं गेलं. त्याने त्या अवघड ट्यून्स विमानात, हेडफोन लावून, ऐकून ऐकून पाठ केल्या. 'लिंगस'मध्ये ज्याचा चेहरा मी म्हटलं तो हाच. लार्नेलही चर्चमध्ये वाजवत मोठा झालेला, आणि कोरी हेन्री तर ब्रुकलिनच्या चर्चमध्ये लहानपणापासून ऑर्गनवर. म्हणजे युट्रेक्टमध्ये ज्या दोघांवर अख्ख्या जगाची नजर खिळली ते दोघंही रविवारच्या शाळेतले.

अजून एक गोष्ट त्यांनी केली आणि ती मला फार आवडते. पहिले काही अल्बम, २००६, ०७, ०८ चे, रीतसर स्टुडिओत केलेले, आणि खरं सांगायचं तर ते मला जरा कोरडे वाटतात, पोरं हुशार आहेत एवढंच कळतं. २०१० च्या 'टेल युअर फ्रेंड्स'पासून त्यांनी श्रोत्यांनाच स्टुडिओत आणून बसवायला सुरुवात केली. वादक गोलात, त्यांच्या मधेमधे खुर्च्या टाकून लोक, आणि प्रत्येकाच्या कानावर हेडफोन. वाजवणाऱ्याला जे ऐकू येतंय तेच ऐकणाऱ्याला. वर कॅमेरे, आणि व्हिडिओ फुकट यूट्यूबवर. आता कोणी म्हणेल ही मार्केटिंगची आयडिया, आणि तिचा फायदा झालाच, कोट्यवधी लोकांनी ते बघितलं. पण मला त्यात चर्चचा हॉल दिसतो. ओक क्लिफच्या त्या हॉलमध्ये लोक ऐकायला आलेले नव्हते, लोकांनी 'हो' म्हटल्याशिवाय ऑर्गन पुढे जात नव्हता. स्टुडिओच्या बंद खोलीत हे 'हो' येणार कुठून? म्हणून त्यांनी ते बरोबर आणलं.

पहिलं ग्रॅमी मिळालं ते अशाच एका रेकॉर्डिंगला. मार्च २०१३, व्हर्जिनियातलं रोअनोक गाव, पाहुणी गायिका लेला हॅथवे, म्हणजे सोल गायक डॉनी हॅथवेची मुलगी, गाणं 'समथिंग'. शेवटाकडे ती एकाच गळ्यातून एकाच वेळी एकापेक्षा जास्त सूर काढते, कॉर्डच गाते म्हणा ना, आणि तो व्हिडिओ बघताना तिच्याकडे बघू नका, वादकांकडे बघा. वाजवता वाजवता सगळ्यांचे चेहरे एकदम लहान मुलांसारखे होतात, कोणी हसतंय, कोणी मान फिरवतंय, आणि हात मात्र चालू. २०१४ च्या जानेवारीत त्याला बेस्ट आर अँड बी परफॉर्मन्सचं ग्रॅमी मिळालं. डेंटनच्या जॅझवाल्या पोरांना पहिलं बक्षीस आर अँड बी मध्ये! डॅलसचं देणं किती होतं याचा याहून मोठा पुरावा मला तरी सापडत नाही.

पुढचं भराभर सांगते कारण ते कुठेही वाचायला मिळेल. हॉलंडच्या मेट्रोपोल ऑर्केस्ट्राबरोबर 'सिल्वा' हा अल्बम, २०१५. मग 'कल्चा वल्चा', मग 'इमिग्रन्स', मग २०१९ च्या नोव्हेंबरात रॉयल अल्बर्ट हॉल. ग्राउंडअप नावाचं स्वतःचं लेबल निघालं, मायामी बीचला फेस्टिव्हल सुरू झाला. लीग आधी ब्रुकलिनला आणि नंतर स्पेनमध्ये कॅटलोनियातल्या एका लहान गावात राहायला गेला. 'कल्चा वल्चा'ला ग्रॅमी मिळालं तरी तो मला पुन्हा पुन्हा लावावासा वाटत नाही, तो श्रोत्यांविना स्टुडिओत केलेला आहे आणि मला तो फरक ऐकू येतो. 'सिल्वा' मात्र पावसाळी दुपारी अख्खा ऐकावा असा आहे.

एक प्रश्न मात्र मला सोडत नाही. मूळ दहा पोरांपैकी बहुतेक गोरी, कॉलेजात शिकलेली. ज्यांच्याकडून शिकली ती माणसं कृष्णवर्णीय, डॅलसच्या चर्चमधली, आणि त्यातल्या बहुतेकांची नावं ओक क्लिफच्या बाहेर कोणाला माहीत नाहीत. अमेरिकन संगीताच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा झालंय, शिकवणारा अंधारात आणि शिकणारा स्टेजवर. माझ्या त्या सहकाऱ्यांना मी हे सरळच विचारलं, तुम्हाला राग येत नाही का? ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, राग येतो तो नाव न घेणाऱ्यांचा. मला त्यांचं उत्तर पुरेसं वाटलं नाही, अजूनही पूर्ण पटत नाही, कारण नाव घेण्याने घरभाडं भरलं जात नाही. पण या बँडपुरतं बघितलं तर त्यांनी नुसतं नाव घेतलं नाही, त्या माणसांना बँडमध्ये बरोबरीने घेतलं, ट्यून्सवर, स्टेजवर. सीराईट आणि मार्टिन हे पाहुणे म्हणून नव्हते, बँड त्यांच्यावर उभा राहिला. आणि लीग आजही मुलाखतीत डॅलसचं आणि बर्नार्ड राईटचं नाव स्वतःहून काढतो.

म्हणूनच २०२२ चा 'एम्पायर सेंट्रल' हा मला त्यांचा सगळ्यात महत्त्वाचा अल्बम वाटतो. तोवर जग फिरून झालं होतं, मोरोक्को, तुर्कस्तान, सगळीकडचे ताल त्यांच्या ट्यून्समध्ये येऊन गेले होते. या वेळी ते परत आले. एम्पायर सेंट्रल हे डॅलसमधल्या रस्त्याचं नाव आहे, मी त्यावरून गाडीने जाते, दुतर्फा ऑफिसं आणि गोडाऊनं, बाकी काही नाही. रेकॉर्डिंग केलं डीप एलममध्ये, म्हणजे त्याच भागात जिथे १९२० च्या दशकात ब्लाइंड लेमन जेफरसन रस्त्यावर गिटार घेऊन ब्लूज गायचा. सोळा नव्या ट्यून्स, पुन्हा श्रोते, पुन्हा हेडफोन. आणि 'टेक इट!' या ट्यूनवर कीबोर्डला बर्नार्ड राईट. ज्यांनी त्याच्या शेजारी उभं राहून शिकलं त्यांच्याच मधे तो बसलाय, आणि तब्येतीत वाजवतोय.

ते रेकॉर्डिंग मार्च २०२२ चं. १९ मे ला डॅलसमध्ये रस्ता ओलांडताना गाडीच्या धडकेने बर्नार्ड राईट गेला. अल्बम सप्टेंबरच्या शेवटी आला, आणि २०२३ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं, पाचवं. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२४ मध्ये, शॉन मार्टिनही गेला, पंचेचाळिशीत. त्या आठवड्यात माझी मुलगी आणि तिचे मित्र एकमेकांना त्याचेच व्हिडिओ पाठवत होते. ज्या मुलांनी त्याला कधी प्रत्यक्ष बघितलं नाही ती रडत होती, आणि मला वाटलं बरं झालं, निदान यांना नाव तरी माहीत आहे.

आपल्याकडचा धागा म्हणाल तर एकच पण अस्सल. बंगळुरूची वारिजश्री वेणुगोपाल, कर्नाटक संगीतात वाढलेली गायिका आणि बासरीवादक, तिचा 'वारी' हा अल्बम २०२४ मध्ये आला तो ग्राउंडअपवर, आणि निर्माता मायकल लीग. फ्यूजन म्हटलं की मला आधी धास्तीच वाटते, एकीकडे आलाप चालू, दुसरीकडे ड्रम चालू, आणि दोघांची एकमेकांशी ओळखही नाही असं बऱ्याचदा असतं. इथे तसं नाही. तिचं गाणं जिथे थांबतं तिथे वाद्यं थांबतात, तिच्या गमकाला कोणी कॉर्डच्या चौकटीत कोंबत नाही. ऐकताना मला ओक क्लिफचा तो ऑर्गनवाला आणि पाद्रींच्या विरामांत त्याने ठेवलेल्या सुरावटी आठवत होत्या.

कोणाला हा बँड ऐकायचा असेल तर माझं ऐका, 'लिंगस'पासून सुरुवात करू नका, सगळे तेच करतात. आधी बर्नार्ड राईटचा १९८१ चा 'नार्ड' लावा. मग गॉड्स प्रॉपर्टीचा १९९७ चा अल्बम, आवाज मोठा ठेवून, आणि त्यातले ड्रम नीट ऐका. मग 'टेल युअर फ्रेंड्स', मग लेला हॅथवेचं 'समथिंग', पण व्हिडिओसकट. मग 'टेक इट!'. 'लिंगस' त्यानंतर, आणि शक्य असेल तर घरात अजून कोणीतरी बरोबर बसलेलं असताना.